लस्सीचा ल बघून घ्या

संध्याकाळी हिंजवडीत गाडी मुंगीच्या पावलांनी सरकते, त्यामुळे दुतर्फा पाट्या वाचून होतात. मिसळ, वडापाव, लस्सी. यातल्या बऱ्याच पाट्यांवर हल्ली गुबगुबीत, हाताने रंगवल्यासारखं अक्षर दिसतं. मला ते मनापासून आवडतं.

या घराण्यातलं सगळ्यात गलेलठ्ठ अक्षर म्हणजे ‘मोदक’ हा फॉन्ट. फॉन्ट घडवणाऱ्या मुंबईच्या ‘एक टाइप’मधले सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी ते घडवलं. अक्षराचं अंग इतकं फुगलेलं, की पोटातल्या मोकळ्या जागेची नुसती पांढरी रेघ उरते. त्यात ‘मिसळ’ लिहून बघा. ळची दोन्ही वेटोळी एकमेकांना टेकून बसतात आणि पाटी लांबूनच हाक मारते. ‘एक टाइप’चाच ‘बलू’ थोडा सडपातळ, पण तितकाच हसरा. दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, धंद्यासाठी वापरले तरी पैसे पडत नाहीत.

पण हे अक्षर दुकानाच्या नावापुरतंच ठेवावं. त्याच मोदकात बारीक करून भाव छापले, की रेघा बुजतात आणि खाली काळे ठिपके उरतात. नाव मोदकात, भाव ‘मुक्ता’सारख्या साध्या फॉन्टात, एवढं केलं तरी पाटी सुधारते. दवाखान्याच्या दारावर मात्र हा गुबगुबीतपणा नको. तिथे माणूस काळजीत येतो. कमल शेडगे (1935-2020) नाटकांची नावं रेखाटत, तेव्हा अक्षरावरूनच नाटकाचा स्वभाव कळायचा. फॉन्ट निवडतानाही तीच नजर लागते.

माझं खरं भांडण आहे ते ‘ल’शी. परवा एका फ्लेक्सवर ‘लस्सी’ हातभर मोठी, रंग सुरेख, आणि ल हिंदी वळणाचा, दांडीचा. शेजारच्या ‘शाकाहारी’चा शसुद्धा हिंदीच. मराठीचा ल पाकळीचा. मराठी वर्णमालेबद्दलच्या नोव्हेंबर 2022च्या शासन निर्णयातही तोच आहे. पाटी मराठीत हवी, हा कायदा आपण भांडून मिळवला. मग त्यातलं अक्षर परकं का?

यात फॉन्ट करणाऱ्यांचा दोष दर वेळी नसतो. काही फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं असतात. संगणकावर मजकुराची भाषा हिंदी राहिली, तर हिंदी ल उमटतो; मराठी निवडली, की पाकळ्या येतात. एका क्लिकचं काम. पण ते करायला कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणार तो पैसे देणारा दुकानदारच.

म्हणून हिंजवडी, माण, मारुंजीतल्या टपरीवाल्यांना, हॉटेलवाल्यांना सांगणं आहे: छापायला देण्याआधी नमुना मोबाईलवर मागवा, ल आणि श बोटाने मोठे करून बघा. ल दांडीचा किंवा श हिंदी वळणाचा दिसला तर फ्लेक्सवाल्याकडे परत पाठवा.