सांबा लिहून काढणारा गृहस्थ

युरोपातल्या संगीतविद्यालयांत हा गृहस्थ हटकून सापडतो. चाळिशीपर्यंत तो कुणालाही गुणगुणता येणार नाही असं गंभीर संगीत लिहितो. मग कुठलीशी शिष्यवृत्ती मिळून तीन आठवडे रिओ दि जानेरोला जाऊन येतो, आणि परतल्यावर रिओला ‘हिउ’ म्हणू लागतो.

त्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा वाद्यंच जास्त. त्यातली कुइका त्याची विशेष लाडकी. दिसायला साधा ढोल, पण आत कातड्याला बांबूची काडी बांधलेली. ओल्या फडक्याने ती घासली की ढोल कण्हतो. घरी येणाऱ्या प्रत्येकाला हे कण्हणं ऐकावंच लागतं. शेजारच्या बाईंनी एकदा काळजीने कुत्र्याची चौकशी केली. त्याच्याकडे कुत्रा नाही.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे फ्रेंच संगीतकार दारियुस मियो. १९१७ साली फ्रेंच राजदूत, कवी पॉल क्लोदेल याचा सचिव म्हणून तो रिओला गेला आणि तिथला पियानोवादक एर्नेस्तो नाझारेथ याच्या वादनावर लुब्ध झाला. माशीश आणि टँगो या तिथल्या नाचांच्या संगीताची छापील पानं विकत आणून तो घोटत बसला. त्या ठेक्यातला एक बेफिकीर श्वास पकडणं फार अवघड गेलं, हे त्याने प्रांजळपणे लिहून ठेवलं. आमच्या गृहस्थाने ते वाचलं आहे. त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष असा, की मियोने पुरेसं बारीक लिहिलं नाही.

म्हणून हा बारीक लिहितो. सांबातले पाव-पाव मात्रेचे ठोके अगदी सारख्या अंतरावर पडत नाहीत, हे खरंच आहे. मग तो एका मात्रेचे सात भाग करतो, त्यातल्या दोघांना पुन्हा तीनात विभागतो, आणि पान मुंग्या लागल्यासारखं काळं होतं. वादक बिचारे लिहिलंय तसं तंतोतंत वाजवतात. नेमकी तीच अडचण! त्यात सांबाचा मोठा ढोल, सुर्दो, आपलं वजन टाकतो दुसऱ्या मात्रेवर, आणि कंडक्टरचा हात पहिलीवर असा आपटतो की दुसरी बिचारी माफी मागतच येते.

ब्राझीलच्या बाईया प्रांताकडच्या सांबात ताटलीच्या कडेवर सुरी घासून ठेका धरतात. हेही त्याच्या रचनेत आहे. ताटलीचा व्यास सेंटिमीटरमध्ये दिलाय. तालमीसाठी ती कँटीनमधून आणली गेली, आणि कँटीनवाल्याने ती तालमीच्या मध्येच परत मागून नेली. माझ्या मते त्या दिवशीची सर्वांत जिवंत लय त्याच्या पावलांत होती.

गृहस्थाच्या खोलीत ब्राझिलियन संगीतकार विला-लोबोसचा चिरूट ओढतानाचा फोटो आहे. विला-लोबोस तरुणपणी गिटार घेऊन रिओतलं शोरो हे लोकसंगीत वाजवणाऱ्यांच्या मैफलीत बसायचा. लय बोटांतच होती, त्यामुळे पुढे तो पॅरिसकरांना आपल्या जंगलातल्या भटकंतीच्या कथा तिखटमीठ लावून ऐकवायला मोकळा झाला. १९२७ साली तिथल्या एका वर्तमानपत्रात छापून आलं, की त्याला नरमांसभक्षकांनी पकडून खांबाला बांधलं होतं. हा प्रसंग निघाला सोळाव्या शतकातल्या हान्स श्टाडेन नावाच्या जर्मनाच्या पुस्तकातला! आमचा गृहस्थ सत्यवचनी. तीन आठवड्यांना तीन आठवडेच म्हणतो. त्याच्याकडे थापा नाहीत, आणि थापही नाही.

शेवटी प्रयोगासाठी एक ब्राझिलियन तालवादक बोलावला जातो. तो स्वरलिपी आदराने चाळतो, मिटतो, खुर्चीखाली ठेवतो आणि वाजवू लागतो. चेलोवाल्या आजोबांचा पाय हलतो. कागदातून न निघालेला सांबा पंधरा मिनिटं सभागृहात नांदतो. गृहस्थ विंगेत उभा राहून ते सारं घाईघाईने टिपून घेतो. दुसऱ्या रात्री तो वादक काही वेगळंच वाजवतो.

तुमच्या गावी असा कार्यक्रम लागला तर जरूर जा. माहितीपत्रक वाचू नका, आणि खुर्ची मात्र तालवादकांच्या बाजूची मागून घ्या.