एकोणीसशे बाटचा धूर

कळंब्यात राहणाऱ्या माणसाने “मुक्काम वाढलाय” हे वाक्य जपून वापरावं. कोल्हापुरात कुठेही “राहायला कुठं?” या प्रश्नाला “कळंब्याला” म्हणून सांगितलं, की समोरचा हटकून विचारतो, “मग सुटलासा कवा?” आमच्याकडे तलाव आहे, जवळच कात्यायनीचं देऊळ आहे, दारावरून गारगोटीचा रस्ता जातो, पण महाराष्ट्राला कळंबा माहीत आहे तो जेलमुळे. त्यामुळे 2025 च्या मार्चमध्ये मी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “आमचा मुक्काम आणखी महिनाभर वाढला” असं कळवलं, तेव्हा पहिलं उत्तर आलं, “वकील बदला.”

आम्ही होतो थायलंडमध्ये, चियांग माईला, मुलाकडे. थायलंड म्हटल्यावर गल्लीतल्या पुरुषमंडळींच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट हसू उगवतं. ते पुसायला मला निघण्याआधी बराच वेळ द्यावा लागला. चियांग माई बँकॉकच्याही उत्तरेला सातशे किलोमीटरवर, डोंगरांच्या मधोमध वसलेलं आहे. समुद्राचा पत्ता नाही. 1296 साली मेंगराय राजाने वसवलेलं जुनं गाव, भोवती चौकोनी खंदक, पावलापावलाला बुद्धाची देवळं. “म्हंजे देवदर्शनालाच निघालाय म्हणा की,” असं म्हणून मंडळी हिरमुसली.

भारतीय पासपोर्टवर तेव्हा व्हिसाशिवाय साठ दिवस राहता येत होतं. जानेवारी सरता सरता आम्ही पोचलो. सकाळी हवेत गारवा, बाल्कनीतून समोर दोई सुथेप डोंगर, त्यावरच्या देवळाचं सोन्याचं शिखर उन्हात चमकतंय. ह्यांनी बाल्कनीत खुर्ची टाकली आणि चहाचा कप हातात घेऊन जाहीर केलं, की कोल्हापूरनंतर राहण्यासारखं गाव हेच.

फेब्रुवारीच्या मध्यावर डोंगर दिसेनासा झाला.

आधी धूसर झाला, मग नुसती कडा राहिली, मग तीही गेली. साडेपाच हजार फूट उंचीचा डोंगर समोरून गायब होतो आणि खालची माणसं शांतपणे भाजी घेत असतात, हे मी पहिल्यांदाच पाहत होते. सूर्य पिकलेल्या टोमॅटोच्या रंगाचा झाला, त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येऊ लागलं. सूनबाईंनी खिडक्यांच्या फटींना चिकटपट्ट्या लावल्या. मुलगा सकाळी उठून देवाला नमस्कार करायच्या आधी फोनमध्ये हवेचा आकडा बघू लागला. आकडा वाईट असला की नातीची शाळा मैदानावरचा खेळाचा तास बंद ठेवायची.

ह्यांना मात्र हुरूप आला. हे साखर कारखान्याच्या शेती खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात उसाच्या फडात गेली. जळिताचे पंचनामे केले, कुणाचा ऊस आपोआप पेटला आणि कुणी तोड लवकर मिळावी म्हणून पेटवला, हे राखेकडे बघून सांगायचे. ते गॅलरीत गेले, नाक वर करून दोनदा हुंगलं आणि निकाल दिला, “उसाचं पाचट न्हवं हे. ह्यात पालापाचोळा हाय, आणि मका.”

निकाल बरोबर होता. घरमालकीणबाईंनी फोनमधल्या भाषांतराच्या आधाराने सगळं सांगितलं. डोंगरातल्या सागासारख्या पानगळीच्या जंगलात उन्हाळ्यात वाळक्या पानांचा थर साचतो, तो पेटतो किंवा पेटवला जातो. कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी डोंगरउतारावर मका घेतात, त्याची ताटं जाळतात. म्यानमार आणि लाओसमधला धूरही सीमा ओलांडून येतो, त्याला कुणी पासपोर्ट विचारत नाही. आणि एक अळंबी. ‘हेत थोप’ नावाची गोटीएवढी अळंबी पहिल्या पावसानंतर जमिनीत सापडते आणि बाजारात महाग विकली जाते. रान जाळलं की ती जास्त येते, असा तिकडच्या लोकांचा पक्का समज. गाव खोलगट भागात असल्यामुळे रात्री गार हवा खाली बसते, वर ऊबदार हवेचं झाकण पडतं आणि सगळा धूर आत कोंडतो. “आपल्याकडं निदान वारं तरी हाय,” हे म्हणाले. ही एवढीच काय ती त्यांची तक्रार.

आता आकड्यांची गंमत. पीएम 2.5 म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण. नाकातल्या केसांना न जुमानता थेट फुप्फुसात उतरतात. चोवीस तासांच्या सरासरीत हवेच्या एका घनमीटरमध्ये ते 15 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. थायलंडने 2023 पासून मर्यादा साडेसदतीस केली. आपल्याकडे 2009 पासून साठ आहे. म्हणजे पन्नासची हवा जिनिव्हात फारच वाईट, चियांग माईत वाईट आणि कळंब्यात उत्तम. आम्ही भारतीय नागरिक. तेव्हा पन्नासची हवा आपल्याला कायद्याने चालते, असं ह्यांनी मुलाला सुनावलं. मुलगा म्हणाला, “पप्पा, आज एकशेचाळीस आहे.” त्यावर हे पेपर वाचू लागले.

घरात हवा शुद्ध करायचं एक यंत्र होतं. गुडघ्याएवढं, पांढरं, गप्प. हवा चांगली असली की निळा दिवा, मध्यम असली की नारिंगी, वाईट असली की लाल, आणि मग ते मोठ्याने घरघरतं. बाहेर एकशेचाळीस असताना आत ते बाराचा आकडा दाखवायचं. सूनबाईंना त्याचा फार आधार वाटायचा. त्या दिवशी दुपारी ती कामात होती आणि मला आमटी करायची होती. कोल्हापूरची कांदा-लसूण चटणी बरोबर होतीच. तेल चांगलं तापवलं, मोहरी तडतडली, लसूण टाकला, वरून चटणी. घमघमाट सुटला आणि बैठकीतून विमान उडावं तसा आवाज आला. यंत्र लालभडक. आकडा बारावरून ऐंशी, दीडशे, दोनशे नव्वद. सूनबाई हातातलं टाकून धावत आली, “आई, काय पेटलं?”

“काही नाही गं, फोडणी आहे.”

“आई, आत बाहेरच्या दुप्पट झालंय!”

चाळीस वर्षं फोडण्या घातल्या, पण आपल्या फोडणीला कुणी आकडा लावेल असं कधी वाटलं नव्हतं. अपमान गिळून मी झाकण ठेवलं. त्या दिवसापासून स्वयंपाकघराचं दार लावून फोडणी, संध्याकाळी देवापुढे उदबत्ती अर्धी, आणि धूप घरच्या सर्वांच्या संमतीनेच. यंत्राला उदबत्तीही चालत नव्हती. त्याच्या दृष्टीने अंबाबाईची उदबत्ती आणि म्यानमारचं जंगल यांत फरक नव्हता. घरमालकीणबाई मात्र आमच्या बाजूच्या निघाल्या. त्यांच्या घरी ‘नाम प्रिक नुम’ करतात. हिरव्या मिरच्या, लसूण आणि छोटे कांदे निखाऱ्यावर भाजायचे आणि खलात कुटायचे. मी चाखला आणि विचारलं, “हा ठेचा तुमच्याकडे कधीपासून?” मिरच्या भाजताना त्यांच्या अंगणात धुराचा लोट उठला होता, आणि त्या तोंडावर मास्क लावून तो धूर पंख्याने वारत होत्या.

त्यातच होळी आली, 13 मार्चला. उघड्यावर काहीही जाळायला जिल्ह्यात बंदी, दंडाच्या पाट्या जागोजागी लागलेल्या. ह्यांना होळी पेटवायचीच होती. “दोन गवऱ्या, पाच मिनिटं,” असा त्यांचा प्रस्ताव. गवऱ्या मिळणार कुठे हा प्रश्न त्यांनी विचारातच घेतला नव्हता. मुलगा पांढराफटक पडला. परदेशात बापाला धुरापायी पकडलं तर जामीन कोण देणार? शेवटी तडजोड झाली. पुरणपोळीचा नैवेद्य, ताटात तुपाचं निरांजन, तीच होळी. यंत्राचा दिवा नारिंगी झाला, पण आम्ही दुर्लक्ष केलं. बोंब मारायचीही पंचाईत होती, फ्लॅटच्या भिंती पातळ. ह्यांनी नातीला बाथरूममध्ये नेलं, दार लावलं, नळ सोडला आणि आजोबा-नातीने जी बोंब ठोकली, ती खालच्या मजल्यावरच्या कुत्र्याने उचलून धरली.

याच सुमाराला धाकट्या दिरांचा व्हिडिओ कॉल आला. चियांग माई जगातल्या सर्वांत खराब हवेच्या शहरांत, अशी बातमी त्यांनी कुठेतरी बघितली होती.

“वहिनी, कसल्या धुरात ऱ्हायलाय तुम्ही? फुप्फुसं काळी हुतील. दादाला सांगा, तिकीट काढा आणि या घरला.”

त्यांच्यामागे काहीतरी तडतडत होतं. आकाशाचा एक कोपरा काळा झाला होता.

“भावजी, मागं काय पेटलंय?”

“काय न्हाई, जरा पाचट लावलंय.”

हे फोनवर झेपावले. एका हेक्टरमागे आठ-दहा टन पाचट निघतं, जाळू नका, सरीत पसरा, कुट्टी करा, जमिनीचा कस वाढतो, पाणी कमी लागतं, असं यांनी तीस वर्षं गावोगाव सभा घेऊन सांगितलं. फक्त सख्ख्या भावाने ऐकलं नाही. त्याच्याकडेही उत्तर तयार असतं: कुट्टीचं यंत्र वेळेवर मिळत नाही, मजूर परवडत नाही, खोडव्याला पाणी लगेच द्यायचंय, पाचटात उंदीर होतात. यातलं एकही खोटं नाही, म्हणूनच वाद कधी मिटत नाही. 2019 साली केंद्र सरकारने हवा सुधारायला हव्या अशा शहरांची यादी केली, तीत कोल्हापूर आहे, हेही ह्यांनी सुनावलं. भावजी क्षणभर थांबले. मग म्हणाले, “सांगली हाय का त्यात?” आहे, म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला.

तिकडे लोक गप्प बसलेले नाहीत, हे सांगितलं पाहिजे. 2023 साली चियांग माईकरांनी धुरावरून थेट सरकारला प्रशासकीय न्यायालयात खेचलं, आणि 2024 च्या जानेवारीत न्यायालयाने नव्वद दिवसांत तातडीची योजना करायला सांगितलं. ह्यांना हे फार आवडलं. “आपल्याकडं पाचटावरनं केस घातली तर निम्मा करवीर तालुका आत जाईल,” म्हणाले, आणि थोडा विचार करून, “जेल जवळच हाय म्हणा.”

मग परत का नाही आलो? ज्यांना परवडतं ते चियांग माईकर या दिवसांत दक्षिणेला समुद्रकाठी पळतात. आम्ही उलट मुदत वाढवायला निघालो. कारणं आम्ही पुष्कळ सांगितली. कळंब्यात शेजारी बंगल्याचं काम चाललंय, ड्रिलिंगने डोकं उठतं. पुण्याच्या नणंदेने बोलावलंय, पण तिच्याकडेही मेट्रो आणि बांधकामांची धूळ आहेच. उन्हाळ्यात प्रवास नको. खरं कारण नातीला माहीत होतं. ती रोज संध्याकाळी आजोबांकडून ‘ळ’ शिकत होती आणि तो तिला अजून येत नव्हता. ‘कलंबा’ म्हणायची. ती ‘कळंबा’ म्हणेपर्यंत हलायचं नाही, असं ह्यांनी ठरवलं होतं.

परदेशी नागरिकांच्या कचेरीत मुदत तीस दिवसांनी वाढवून मिळते. फी एकोणीसशे बाट, माणशी. आपले पाचएक हजार रुपये. फॉर्म, फोटो, पासपोर्टच्या प्रती, पत्त्याचा कागद, आणि भली मोठी रांग. रांगेत सगळे मास्क लावून, मास्कमधून खोकत. ह्यांनी पैसे मोजून दिले आणि माझ्या कानात म्हणाले, “कळंब्यात धूर फुकट मिळतो. इथं एकोणीसशे.” अधिकाऱ्याने शिक्का मारला. मी त्याच संध्याकाळी ग्रुपवर कळवलं, आणि वकिलाचा सल्ला आला.

चार दिवस गेले नाहीत तोवर 28 मार्चला दुपारी फ्लॅट हलला. म्यानमारमध्ये मोठा भूकंप झाला होता. तिकडे हजारो माणसं गेली. आमच्याकडे भिंतीला चीर पडली आणि टांगलेला दिवा बराच वेळ झुलत राहिला. जिने उतरून सगळे खाली, धुरात. कोल्हापुरातून फोनवर फोन. “आता तरी या!” ह्यांनी प्रत्येकाला एकच सांगितलं, “1967 चा कोयनेचा बघितलाय मी.” तेव्हा हे दहा वर्षांचे होते आणि झोपेतच आईने उचलून बाहेर आणलं होतं, हा तपशील त्यांनी गाळला.

एप्रिलच्या मध्यावर सोंगक्रान आलं. नवं वर्ष, खंदकाच्या काठाने तीन दिवस नुसती पाण्याची लढाई. आमच्याकडे धुळवडीपेक्षा रंगपंचमीचा थाट, त्यामुळे ह्यांना सरावाची गरज पडली नाही. पिचकारीने एका गोऱ्या माणसाला गाठून भिजवलं. दोन दिवसांनी खरा पाऊस पडला, आणि सकाळी बाल्कनीसमोर डोंगर पुन्हा जागेवर उभा होता. नात म्हणाली, “आजोबा, डोंगर आला.” ‘डोंगर’मध्ये ‘ळ’ नसल्याने ह्यांना फारसा आनंद झाला नाही. ‘कळंबा’ तिने म्हटलं ते विमानतळावर, रडत रडत, आणि अगदी स्वच्छ.

एप्रिलअखेर घरी आलो. गच्चीचं दार उघडलं तर पाचटाची काळी पिसं दाराशी साचलेली, धुण्याच्या दोरीवर काजळी. मी झाडू घेतला. हे नाक वर करून हुंगत उभे, चेहऱ्यावर समाधान: “हे आपलं.”

तेव्हा चियांग माईला जायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारीत जा. डोंगर दिसतो, ठेचा मिळतो. कळंब्याला यायचं असेल तर पावसाळ्यात या, तलाव भरलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये यायचीच वेळ आली तर जरूर या, जेवायला थांबा, पण पांढरे कपडे आणू नका, आणि धुणं घरात वाळत घाला.