ऊठसूट 'किल -९' मारणाऱ्यास खुले पत्र

नऊबहाद्दर,

काल रात्रपाळीत पुन्हा हात साफ केलात. रिपोर्टची एक क्वेरी रेंगाळली, टॉपमध्ये तिचा पीआयडी दिसला आणि तुम्ही थेट किल -९ मारलंत. हॅंडओव्हरमध्ये लिहिलंत, 'एकच प्रोसेस मारली.' पोस्टग्रेसची एक बॅकएंड प्रोसेस अशी अचानक मेली, की शेअर्ड मेमरी बिघडली असेल असं धरून पोस्टमास्टर बाकीच्या सगळ्या बॅकएंडही बंद करतो आणि रिकव्हरी होईपर्यंत कुणालाही आत घेत नाही. महिनाअखेरीची बिलं भरत बसलेल्या माणसांचे अर्धवट व्यवहार गेले. ती एक क्वेरी थांबवायला पीजी_कॅन्सल_बॅकएंड होतं. तेवढं टाइप करायचे तुमचे कष्ट वाचले, त्यांची रात्र गेली.

नुसतं किल म्हटलं की १५ नंबरचा सिग्नल जातो, सिगटर्म. नीट लिहिलेला प्रोग्रॅम तो ऐकतो, हातातलं लिखाण संपवतो, लॉक सोडतो, टेम्पररी फाइली पुसतो आणि जातो. ९ नंबर प्रोग्रॅमला ऐकूच येत नाही. कर्नल त्याला परस्पर संपवतो. भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये, हे आपल्याकडे पोरांनाही सांगावं लागत नाही. सिस्टमडीसुद्धा सर्व्हिस बंद करताना आधी १५ पाठवतो, मूळ सेटिंगमध्ये ९० सेकंद थांबतो आणि मगच ९ काढतो. तुम्हाला नऊ सेकंदही दम निघत नाही.

जिथे नऊचंही काही चालत नाही, तिथे तर तुमची मर्दुमकी बघवत नाही. परवा बिघडलेल्या डिस्कवर बॅकअप अडकला होता. पीएसच्या स्टॅट रकान्यात ढळढळीत 'डी' होता, म्हणजे प्रोसेस कर्नलच्या आत डिस्कच्या उत्तराची वाट पाहत होती. ते उत्तर आल्याशिवाय ती मरणार नव्हती. तुम्ही नऊवर नऊ सोडत राहिलात, डिस्ककडे कुणी पाहिलंच नाही. त्याआधी 'झेड' दिसलेल्या झॉम्बीवरही तोच प्रयोग. ती मेलेलीच असते हो! तिची नोंद उचलायची ती तिच्या पेरेंट प्रोसेसने. दोष शोधायचा तो तिथे.

आज रात्रीपासून आधी पीएस बघा, मग साधं किल, मग थांबा. तरीही नऊची गरज वाटली तर मला फोन करा, पहाटे तीनलासुद्धा. डेटाबेस सर्व्हरवरचा तुमचा सुडो काढून घ्यावा, असा अर्ज मी सकाळीच दिला आहे.

तुमच्यानंतरच्या पाळीचा,
एक सिस्टम ॲडमिन