मालकांचे तह, आमच्या चकमकी

आमच्या घराण्यात भावकीचे वाद जमिनीवरून होत नाहीत, कारण जमीनच नाही. ती उणीव कॉम्प्युटरने भरून काढली. मेहुणे मॅकवाले, भाचा लिनक्सवाला आणि मी विंडोजवाला. यातलं माझं ‘वाला’ तसं फसवं आहे. पहिला असेंबल केलेला पीसी घरी आला तेव्हा दुकानदाराने सोबत एक सीडी दिली, तिच्यावर स्केचपेनने ‘एक्सपी’ लिहिलेलं. लायसन्स हा विषय त्या व्यवहारात निघालाच नाही. पुढे ऑफिसने लॅपटॉप दिला, त्यातही विंडोजच. जे आपसूक पदरात पडलं त्याचा अभिमान बाळगायला वेगळे कष्ट लागतात, ते मी कधी घेतले नाहीत. बहुतेक विंडोजवाले असेच. कट्टर भक्त शोधायचे तर ते बाकीच्या दोन पंथांत.

मेहुण्यांचा आधी लॅपटॉप दिसतो, मग मेहुणे. पूर्वी ॲपलच्या लॅपटॉपवरचं सफरचंद मालकाच्या बाजूने सरळ असे. झाकण उघडलं की समोरच्याला ते उलटं दिसायचं. पुढे कंपनीने ते फिरवलं. मालकाला उलटं दिसलं तरी चालेल, जगाला सरळ दिसलं पाहिजे. गिऱ्हाईक ओळखणं म्हणतात ते हे. मेहुणे आमच्याकडे आले की हॉलमधली जागा निवडतात ती पंखा बघून नव्हे, समोर कोण बसलंय ते बघून. ‘उघडलं की चालू, काही करावंच लागत नाही,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग काही करावं कसं लागत नाही, हे ते जेवणाची पानं मांडेपर्यंत दाखवत राहतात.

भाच्याचं प्रकरण अवघड. त्याच्यासमोर नुसतं लिनक्स म्हणायची सोय नाही. लिनक्स म्हणजे फक्त कर्नल, तो लिनस टोरवाल्ड्स नावाच्या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहिला. बाकीचा बराचसा संसार रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नूचा, म्हणून ‘ग्नू-लिनक्स’ असं पूर्ण नाव घ्यायचं. कॉलेजात असताना तो उबुंटूवर होता. तेव्हा उबुंटूच्या सीडी पोस्टाने घरपोच फुकट मिळत. त्याने गठ्ठा मागवून सोसायटीत घरोघर वाटला. लोकांनी त्या दोरीला बांधून गॅलरीत टांगल्या, कबुतरं यायची थांबली. त्या अर्थाने उबुंटू आमच्याकडे बरीच वर्षं विनातक्रार चाललं.

पुढे त्याला उबुंटू सोपं वाटायला लागलं (त्याच्या तोंडी ही शिवी आहे) आणि तो डेबियनला गेला, तिथून आर्चला. हल्ली त्याच्या लॅपटॉपवर वायफाय चालत नाही. हा तो दोष मानत नाही, व्रत मानतो. ‘मामा, त्या कार्डाचा ड्रायव्हर क्लोज्ड सोर्स आहे, तो मी घालणार नाही.’ उपासाला साबुदाणा चालतो तसं माझ्या मोबाइलचं नेट मात्र त्याला केबल लावून चालतं, कारण अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. जगातले पहिले ५०० सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून झाडून सगळे लिनक्सवर चालतात, हेही तो सांगतो आणि ते खरं आहे. त्याचा एकटाच काय तो अडून बसलाय.

दिवाळीला आम्ही जमलो की चिवड्याबरोबर युती आणि फाटाफूट सुरू होते. भाचा पहिल्यांदा १९९८ सालचा तो व्हिडिओ लावतो : मंचावर बिल गेट्स, विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक, स्कॅनर जोडला आणि भर सभेत पडदा निळा. मेहुणे टाळी देतात. पण युती टिकत नाही. भाचा लगेच म्हणतो, तुमच्या मॅकच्या खिडक्या आणि माउस तरी कुठे घरचे? झेरॉक्सच्या पालो आल्टोतल्या प्रयोगशाळेत आधी पाहिलेले! आणि त्यावरून ॲपलने १९८८ साली मायक्रोसॉफ्टवर नकलेचा दावा लावला, तोही हरले. इथे मी शेव घेतो. मला एवढंच करायचं असतं.

माझा आवडता प्रसंग त्यानंतरचा. ऑगस्ट १९९७, बोस्टन. ॲपलचे भक्त सभागृहात जमलेले, मंचावर स्टीव्ह जॉब्ज, आणि मागच्या अवाढव्य पडद्यावर उगवतात ते साक्षात बिल गेट्स! मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये १५ कोटी डॉलर गुंतवणार, अशी घोषणा. लोकांनी चक्क हुर्यो उडवली. ज्याच्या नावाने इतकी वर्षं बोटं मोडली, त्याच्याच पैशाने घर सावरायचं म्हणजे काय! हा विषय काढला की मेहुणे चहाचं कुठवर आलं ते बघायला आत जातात.

भाच्याची गोची आणखी वाईट. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कॅन्सर म्हटलं, तेव्हा सगळं सुरळीत होतं. २०१४ साली सत्या नडेला यांनी ‘मायक्रोसॉफ्टचं लिनक्सवर प्रेम आहे’ असं बदाम काढून जाहीर केलं, तेव्हापासून त्याला झोप नाही. शिव्या परवडल्या, असं तो म्हणतो.

मालकांचे तह होऊन गेले तरी आमच्या चकमकी थांबत नाहीत, आणि यंदा तर सोसायटीच्या गणपतीचा अहवाल छापायचा निघाला. मजकूर कुणा जुन्या कार्यकर्त्याने युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेला. तसल्या फॉन्टात आत सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, वरून देवनागरीचा मुखवटा. मशीनवर तो फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. मेहुण्यांच्या मॅकवर वर्गणीदारांची यादी उघडली ती पौंड, डॉलर आणि डोक्यावर टोपी घातलेले ए घेऊन. ‘पण अक्षर किती शार्प दिसतंय बघा,’ मेहुणे म्हणाले.

माझ्या लॅपटॉपवर फॉन्ट टाकायला ऑफिसच्या ॲडमिनचा पासवर्ड लागतो. भाच्याने मग रात्रभर जागून कन्व्हर्टर लिहिला. सकाळी खरोखर मराठी दिसू लागलं. फक्त पहिल्या वेलांट्या एक अक्षर मागे सरकल्या होत्या. सचिवांचे ‘सिचव’ झाले, त्यांनी हसण्यावारी नेलं. खजिनदार ‘खिजनदार’ झाले, ते मात्र त्यांनी मनाला लावून घेतलं.

शेवटी तिघंही अप्पा बळवंत चौकामागच्या बोळातल्या डीटीपीवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे एक्सपी आणि पेजमेकर. मायक्रोसॉफ्टने एक्सपीवरचा हात २०१४ च्या एप्रिलमध्येच काढून घेतला, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही; मशीनला इंटरनेट नाही, त्यामुळे मशीनलाही नाही. त्याने पेनड्राइव्ह खुपसला आणि सगळ्या वेलांट्या आपापल्या जागी!

मी सहज म्हणाल्यासारखं म्हणालो, ‘विंडोज.’

‘पेजमेकर मुळात मॅकवर आलं,’ मेहुणे म्हणाले. ‘१९८५ साली. ह्यांच्याकडे नंतर.’

‘काका, या मशीनवर लिनक्स टाकलं ना, तर पळेल नुसतं,’ भाचा डीटीपीवाल्याला म्हणाला.

डीटीपीवाल्याने मान वर न करता विचारलं, ‘प्रूफ कोण वाचणार?’

मेहुण्यांना तेवढ्यात फोन आला. भाच्याला घरी काहीतरी कंपाइल करायला लावल्याचं आठवलं.