कोलंबोमार्गे अण्णा

अण्णांची उभी नोकरी मुलुंडच्या जकात नाक्यावर गेली. ट्रकची ताडपत्री वर करून आत काय आहे ते बघायचं आणि मग ड्रायव्हरच्या हातातल्या कागदावर काय लिहिलंय ते वाचायचं. दोन्ही जुळलं की अण्णांचा दिवस वाईट जायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात उठली. अण्णा तोवर निवृत्त झालेले, पेन्शनला धक्का नाही, तरी त्या रात्री ते जेवले नाहीत. "आता माल कुठून आला हे कोणी विचारणारच नाही," एवढंच म्हणाले.

पुढे मुलगा लंडनला स्थायिक झाला. एका नोव्हेंबरात त्याचा फोन आला, "बाबा, नाताळात यायचं जमत नाही, तिकिटं फार चढलीत." अण्णांनी लगेच त्याच कंपनीचं, त्याच तारखांचं मुंबई-लंडन-मुंबई तिकीट लावून पाहिलं, तर ते कितीतरी स्वस्त.

"अगं, इथून जाऊन परत यायचं तर एक भाव, आणि तिथून येऊन परत जायचं तर दुसरा!"

काकू कोथिंबीर निवडत होत्या. "असं कसं होईल? एसटीचा सहा किलोमीटरचा टप्पा असतो. ठाण्याहून महाडला जेवढे, महाडहून ठाण्याला तेवढेच."

"तेच तर म्हणतोय मी!" अण्णा ओरडले. ताडपत्री तेव्हा वर झाली, ती अजून खाली आलेली नाही.

तसं यात गूढ काही नाही. डिसेंबरच्या मध्याला लंडनहून इकडे येणारी विमानं तुडुंब असतात आणि उलट जाणाऱ्यांत जागा असते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळं फिरतं. खेड-चिपळूणकडच्या ज्या घरांतली माणसं आखातात आहेत, त्यांना हे कोणी शिकवावं लागत नाही. तिकडच्या शाळांना जुलैत सुट्टी लागली की येण्याचं भाडं भडकतं, ऑगस्ट संपत आला की जाण्याचं. पण हा झाला हंगाम. अण्णांची झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीने. विमान कंपनी प्रत्येक देशातून निघणाऱ्या प्रवासाचे भाव वेगळे भरते आणि ते बहुतेक ठिकाणी त्या देशाच्या चलनात असतात. तिथल्या माणसाचा खिसा केवढा आणि त्याच्यापुढे दुसऱ्या वाटा किती, हे पाहून ते ठरतात. मुंबईकराला लंडनला थेट नेणारी कंपनी त्याच्याकडून वाचलेल्या वेळेचे पैसे घेते. तीच कंपनी कोलंबोच्या माणसाला मुंबईमार्गे लंडनला न्यायचं ठरवते तेव्हा मात्र तिचा आवाज मऊ होतो, कारण त्या माणसापुढे दुबई, दोहा आणि अबू धाबी आधीच हात जोडून उभे असतात. म्हणून जास्त लांबचा प्रवास कमी पैशांत. मला यात व्यवहार दिसतो, अण्णांना गुन्हा दिसतो.

आणि गुन्हा म्हटला की अण्णा इतिहासापासून सुरुवात करतात. १९४५ मध्ये हवानाला विमान कंपन्यांची संघटना, आयाटा, स्थापन झाली आणि नंतर कित्येक वर्षं कंपन्या परिषदेत एकत्र बसून भाडी ठरवत. भाडं सारखं, तेव्हा भांडण खाण्यावर आलं. स्वस्त वर्गात फक्त सँडविच द्यायचं असा नियम असताना स्कँडिनेव्हियाची कंपनी वरचा पाव न ठेवता त्यावर मांस, चीज असं काय काय रचून देते, अशी अमेरिकन कंपनीने तक्रार केली, आणि १९५८ मध्ये सँडविच म्हणजे काय यावर आंतरराष्ट्रीय खल होऊन दंडसुद्धा झाला. ही गोष्ट सांगताना अण्णांचे डोळे पाणावतात. "काय माणसं होती! पाव उचलून आत बघायची!"

अण्णांची एक वही आहे. तिच्यात शहरांची नावं आणि समोर पेन्सिलीने आकडे. ते स्वतः फारसे कुठे जात नाहीत, पण जगातल्या कोणत्या गावाहून निघालं तर काय पडेल, हे त्यांना रोज माहीत असावं लागतं. सकाळी बागेत भेटले की "ओस्लो बरं आहे आज" किंवा "स्टॉकहोम हललं नाही" अशी बातमी मिळते. ६ मार्च २०२४ ला इजिप्तने आपल्या पौंडाचा दर मोकळा सोडला, एकतीसच्या आसपासचा डॉलर एका दिवसात पन्नासच्या घरात गेला. दुसऱ्या दिवशी अण्णा बागेत शिरले तेच "कैरो पडलं!" असं ओरडत. बाकावरच्या आजोबांना "काय रे, पडलं?" असं ऐकू आलं आणि त्यांनी घाईघाईने कवळी चाचपली.

पडलं म्हणजे काय, तेही अण्णांनी त्यांना बसवून समजावलं. स्थानिक चलनात भरलेलं भाडं चलन कोसळलं की बाहेरच्याला स्वस्त होतं, आणि कंपनी नवे आकडे भरेपर्यंत फट राहते. व्हेनेझुएलात ही फट मोठी भोवली. तिथे सरकारी दराने बोलिव्हार देऊन तिकिटं मिळत, बाजारात डॉलरचा भाव कैकपट. लोकांनी तिकिटांवर उड्या टाकल्या, पण जमलेले बोलिव्हार डॉलर करून बाहेर न्यायला सरकार परवानगी देईना. कंपन्यांचे चार अब्ज डॉलरच्या आसपास तिथे अडकले आणि २०१४ पासून एकेकीने विमानं कमी केली. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कवळी कोणाची पडली?"

आमच्या इमारतीत परदेशी जाणाऱ्याला खरी धास्ती व्हिसाची नसते, लिफ्टमध्ये अण्णा भेटण्याची असते. पहिला प्रश्न, "कितीला काढलंस?" तुम्ही आकडा सांगता. अण्णा काही बोलत नाहीत. डोळे मिटतात, ओठ हलतात, लिफ्ट दोन मजले चढते. मग हलकेच, आजारी माणसाच्या नातेवाइकाशी बोलावं तसं म्हणतात, "असू दे. झालं ते झालं." त्यानंतर त्या सहलीत तुम्हाला आयफेल टॉवर दिसत नाही, फक्त तो आकडा दिसतो.

चौथ्या मजल्यावरचा इंजिनिअर मुलगा एकदा त्यांना शिकवायला गेला. "काका, व्हीपीएन लावा, अर्जेंटिनातून सर्च करा, स्वस्त दिसतं." अण्णांनी लावलं. साइट स्पॅनिशमध्ये उघडली, भाडं पेसोंत आलं. रूपांतर करून पाहिलं तर उन्नीस-बीस तेच, वर कार्डाचा परकी चलनाचा चार्ज. अण्णा त्या मुलाला म्हणाले, "बाळ, तू खिडकी बदलतोयस. गाडी कुठून सुटते ते बघ." त्यांचं म्हणणं खरं होतं. तिकीट कुठे बसून घेतलं याने क्वचित थोडा फरक पडतो, प्रवास कुठून सुरू होतो याने खूप पडतो. एजंट लोकांत यासाठी सिटी, सिटो, सोटी, सोटो अशा चार संज्ञा आहेत: विकलं कुठे, छापलं कुठे, देशात की देशाबाहेर. अण्णांनी त्या पाढ्यासारख्या पाठ केल्या आहेत.

त्यांच्या या विद्येने एकाचं तरी भलं झालेलं मी पाहिलं आहे. त्यांचा भाचा उड्या मारत आला. "मामा, कोलंबो-मुंबई-लंडन तिकीट थेट मुंबई-लंडनपेक्षा स्वस्त आहे! मग ते काढतो आणि मुंबईलाच चढतो की!"

अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि कोलंबोच्या काउंटरवर तुझ्या नावाने हजर कोण राहणार? पहिल्या टप्प्याला गैरहजर राहिलास की पुढचे सगळे टप्पे रद्द. परतीचेसुद्धा. मुंबईच्या काउंटरवरची पोरगी तुला गोड हसून घरी पाठवेल."

"आणि शेवटचा टप्पा सोडला तर?"

इथे अण्णा उठून उभे राहिले. हा त्यांचा आवडता खटला. २०१६ मध्ये एका प्रवाशाने लुफ्तान्साचं ओस्लोहून फ्रँकफर्टमार्गे सिएटलला जाऊन परत यायचं तिकीट घेतलं. येताना तो फ्रँकफर्टला उतरला आणि ओस्लोला न जाता दुसऱ्या तिकिटावर बर्लिनला घरी गेला. कंपनीने त्याच्यावर २,११२ युरोंचा दावा लावला. "अरे, माणूस विमानात बसला नाही म्हणून त्याच्याकडे जास्त पैसे मागितले!" डिसेंबर २०१८ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने दावा फेटाळला, त्या दिवशी अण्णांनी इमारतीत पेढे वाटले. कोणाला काय सांगायचं हे न कळून काकूंनी "नातेवाईक सुटले" असं सांगितलं.

पण ओस्लो अण्णांच्या वहीतच राहणार. ही सगळी गंमत पासपोर्टवर चालते. लंडनचा गोरा माणूस सकाळी उठून ओस्लोला जाऊन तिथून स्वस्तात अमेरिकेला निघू शकतो, त्याला कोणी हटकत नाही. अण्णांना ओस्लोच्या विमानतळाबाहेर पाय ठेवायला शेंगेनचा व्हिसा हवा. त्यासाठी बँकेचे कागद, बोटांचे ठसे आणि तारीख मिळायची वाट. जिथून स्वस्त पडतं तिथे आपल्याला सहज जाता येत नाही. हे मला अण्णांच्या सगळ्या आकडेमोडीतलं सर्वांत खरं वाटतं, आणि याबद्दल मात्र ते एक अक्षर बोलत नाहीत. मुलाला ते दर वर्षी सांगतात की लंडनहून निघूच नकोस. ब्रिटनचा प्रवासी कर १९९४ पासून आहे, भारताकडे येणाऱ्या साध्या वर्गालासुद्धा एप्रिल २०२४ मध्ये तो ८८ पौंड झाला होता. आयर्लंडने आपला कर २०१४ मध्येच काढून टाकला, तेव्हा डब्लिनहून निघ आणि लंडनला चोवीस तासांच्या आत विमान बदल. मुलगा दर वर्षी सांगतो, "बाबा, मला नोकरी आहे."

शेवटी राहिलं कोलंबो. श्रीलंकेचं प्रवेशपत्र ऑनलाइन निघतं आणि तिथून युरोपची भाडी बऱ्याचदा नरम असतात. नात झाली तेव्हा अण्णांनी मुहूर्त धरला. मुंबई-कोलंबो एक तिकीट, कोलंबो-लंडन-कोलंबो दुसरं, मध्ये आखातात विमान बदलायचं. दोन तिकिटं वेगळी, त्यामुळे पहिलं विमान रखडून दुसरं चुकलं तर जबाबदार कोणीच नाही; म्हणून एक रात्र कटुनायकेला विमानतळाजवळ मुक्काम. दोन कंपन्यांच्या वजनाच्या मर्यादा वेगळ्या, म्हणून बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, मेतकूट आणि गोडा मसाला काकूंनी तीनदा तोलला.

काकूंनी मला आल्यावर सांगितलं. उत्तरेला जायचं म्हणून घरून निघालो आणि आधी दीड हजार किलोमीटर दक्षिणेला गेलो. रात्री हॉटेलात ह्यांना झोप नाही, पहाटे तीनला पासपोर्ट आहेत का बघताहेत. दुसऱ्या दिवशी विमान उडालं, केरळ मागे पडलं, अरबी समुद्र आला. समोरच्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर उजव्या हाताला ठळक अक्षरांत मुंबई.

"अहो, ती बघा मुंबई. गॅस बंद केलाय ना, उतरून बघून येऊ का?"

अण्णांनी पडदा बदलला आणि आखात येईपर्यंत एक तमिळ सिनेमा पाहिला.

परत आल्यावर वहीत हिशेब मांडला गेला. हॉटेल, प्रवेशपत्रं, टॅक्सी, कोलंबोच्या काउंटरवर लाडवांपायी भरलेलं जादा वजनाचं भाडं, सगळं वजा जाता दोघांत मिळून साडेतीन हजार रुपये वाचले. अण्णांनी त्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. काकूंनी पुढच्या वर्षीचं थेट विमानाचं तिकीट मुलाकडून परस्पर काढून घेतलं, एकटीचं. अण्णा सध्या क्वालालंपूर बघताहेत. डिसेंबर २०२३ पासून मलेशियाने आपल्याला व्हिसा माफ केल्यामुळे त्यांना नवा हुरूप आला आहे.

तुम्हाला परदेशी जायचं असेल आणि तिकीट काढायचं राहिलं असेल, तर अण्णांकडे जरूर जा. त्यांच्याइतकं जाणणारा एजंट मला माहीत नाही आणि ते चहाही देतात. तिकीट आधीच काढलं असेल तर जिन्याने उतरा. गाठ पडलीच, तर आकडा पाच हजारांनी कमी करून सांगा.