शेळीचं अर्धं तिकीट

"सर, संवाद लिहून द्या. सोमवारपर्यंत पाठ करून येतो."

किल्लारीतल्या एका शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांना नाटक शिकवायला गेलो, तेव्हा कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. म्हटलं, संवाद नाहीत. मग गोष्ट काय? गोष्टही नाही, ती तुम्हीच उभ्या उभ्या करायची. मुलानं शेजाऱ्याकडं पाहिलं. त्या नजरेचा अर्थ सरळ होता : लातूरहून मास्तर आला खरा, पण गृहपाठ न करता आला.

त्याचं काही चुकलं नाही. आमचा जिल्हा 'लातूर पॅटर्न'चा. प्रश्नसंच सोडवायचा, उत्तर ताडून पाहायचं, चुकलं तर पुन्हा सोडवायचं. चूक दमून निघून जाईपर्यंत. शाहू आणि दयानंद या कॉलेजांनी याच वाटेनं खेड्यापाड्यांतली कितीतरी पोरं डॉक्टर-इंजिनिअर केली. त्याला नावं ठेवण्याची माझी छाती नाही. ताप आला की मी त्यांच्याकडंच जातो. पण ही रीत अंगात भिनली की माणूस 'कसा आहेस?' या प्रश्नालाही चार पर्याय शोधू लागतो.

पहिल्या दिवशी एक सोपा खेळ घेतला. एकानं काहीही म्हणायचं, दुसऱ्यानं ते नाकारायचं नाही, 'हाव, आन्...' म्हणून पुढं न्यायचं. "सर, आमच्या घरात उलटं हाय," मागून आवाज आला, "आमचे आबा 'न्हाई, पन...' म्हनत्यात." तरीही खेळ रंगला. दोघं मळ्यात निघाले, वाटेत विहीर आली, विहिरीत सायकल सापडली, आणि एक मुलगी एकदम ओरडली, "अगं बाई, साप!" सगळा वर्ग दचकला. मीही दचकलो. त्या आनंदात लातूरला परतलो.

दुसऱ्या शनिवारी तोच खेळ लावला. मळा आला, विहीर आली, सायकल आली. तेच शब्द, त्याच क्रमानं. मधेच एक जण अडला आणि गाडी थांबली. सापाची मुलगी हाताची घडी घालून शांत उभी. मी म्हटलं, "बोल की." ती म्हणाली, "सर, आधी ह्याचं वाक्य हाय. मंग माझा साप."

चौकशी केली तेव्हा कळलं की आठवीतल्या एका हुशार मुलीनं मागच्या शनिवारचा अख्खा प्रवेश आठवून वहीत उतरवला होता. समास सोडून, बोलणाऱ्याच्या नावाखाली लाल रेघ मारून. मग त्या पानांच्या झेरॉक्स निघाल्या. उत्स्फूर्तपणाच्या नोट्स काढणारा वर्ग व्हायोला स्पोलिन बाईंनाही भेटला नसेल. या बाई शिकागोच्या. नीवा बॉइड यांच्याकडून खेळ शिकल्या आणि परदेशातून येऊन तिथं राहिलेल्यांच्या, गरिबांच्या मुलांना त्या खेळांतून नाटकाकडं नेलं. स्पोलिन बाईंचं या नाट्यखेळांचं पुस्तक 1963 मध्ये आलं. ते माझ्या पिशवीत होतं. त्यात झेरॉक्सवर उपाय नव्हता.

उपाय भलत्याच बाजूनं सापडला. ही मुलं वर्गापुढं उभी राहिली की एक हात वर करून म्हणायची, "आई, मी शाळेत जात आहे." गॅदरिंगच्या नाटकांनी लावलेलं हे वळण. मी म्हटलं, घरी असं म्हणतोस? मग घरी म्हणतोस तसंच म्हण. पोरगा चाचरला. "तसलं चालतंय व्हय?" चालतंय म्हटल्यावर त्यानं समोरच्याला विचारलं, "काय करूलालास रं?" वर्गात हशा पिकला. मग कुणाला वही आठवली नाही. घरच्या बोलीचं कुणी कधी पाठांतर केलेलं नसतं, त्यामुळं तिच्यात अडायला होतच नाही. आणि हे काही शिकागोहून आणायला नको होतं. आपल्या तमाशाची बतावणी हीच तर आहे! सोंगाड्याला हातात कागद कोण देतो? वसंत सबनिसांचं 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलेलं नाटक होतं, तरी दादा कोंडके त्यात ताज्या घडामोडी घुसवतच. मी मात्र जड पुस्तक पिशवीत घालून औशावरून किल्लारीपर्यंत आणत होतो.

त्यानंतर आमच्या वर्गाची एसटी झाली. किल्लारी पाटीवरून लामजना, औसा, लातूर. बाकांच्या दोन रांगा, मधे वाट. प्रवासी व्हायला कुणी तयार नाही, कंडक्टर अकरा. एका लाजऱ्या मुलानं कुणाला न विचारता एसटीचं न लागणारं दार व्हायचं ठरवलं आणि तासभर कुरकुरत आपटत राहिला. इतकं मन लावून केलेलं काम मी मोठ्या रंगमंचावरही क्वचित पाहिलंय. लामजन्याला एक मुलगी शेळी घेऊन चढली. शेळी म्हणजे तिची मैत्रीण. कंडक्टर म्हणाला, शेळीचंही तिकीट पडेल.

"मंग अर्धं द्या."

"अर्धं का म्हनून?"

"बाईमानूस हाय ती."

2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, हे त्या वर्गात मी सोडून सगळ्यांना वेळेवर आठवलं. कंडक्टर क्षणभर गप्प झाला. मग त्यानं ते नाकारलं नाही. खेळाचा नियम पाळून म्हणाला, "हाव, आन् बोकड आसता तर फुल घेतलो आसतो."

मुख्याध्यापक दारात उभे राहून पाहत होते. हसले. मग हळूच विचारलं, "याचे गुण कशात धरायचे?"

एकदा घर करायला दिलं. सामान काहीच नाही. हवेतली कडी काढायची, हवेतल्या उंबऱ्यातून आत जायचं. एकीनं चूल केली, एकानं टीव्ही लावला. सातवीतल्या एका मुलीनं आतून न दिसणारी बाज ओढत आणली आणि बाहेर अंगणात टाकली. मी विचारलं, बाज बाहेर का?

"आजी घरात झोपत न्हाई."

30 सप्टेंबर 1993. गणपती बुडवून गाव झोपलेलं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वरचं माळवदाचं ओझं झोपलेल्यांवर आलं. लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं दगावली, 52 गावं उद्ध्वस्त झाली. ही मुलं भूकंपानंतर वसलेल्या नव्या किल्लारीतली, कितीतरी वर्षांनी जन्मलेली. भूकंप त्यांनी पाहिलेला नाही. आजीची बाज पाहिलेली आहे.

कुणी हसलं नाही, कुणी काही विचारलंही नाही. चुलीपाशी बसलेली मुलगी उठली आणि हवेतला एक तांब्या भरून बाजेच्या उशाला ठेवून आली. टीव्ही लावलेल्या पोरानं आवाज कमी केला. मीच सूचना द्यायचं विसरून गेलो होतो.

घंटा झाली. दप्तरं उचलता उचलता फर्माईश आली, "सर, पुढच्या शनिवारी परत एसटी."

तर एक विनंती आहे. कुणाच्या घरी निवृत्त कंडक्टर असतील आणि त्यांचा तिकिटांचा जुना पत्र्याचा डबा किंवा तिकिटं टोचायचा पंच माळ्यावर पडून असेल, तर तो भंगारात देऊ नका. आमच्याकडं कंडक्टर अजून अकराच आहेत, आणि सध्या सगळ्यांचं काम एका कंपासपेटीवर चाललंय.