बँकरोलपंत

ऑनलाइन पोकर खेळत, तरी बँकरोलपंतांना जुगारी म्हणायची सोय नव्हती. जुगारी खिशात असेल ते लावतो. पंत आधी वहीत रेघा आखत. पहिल्या पानावर लाल शाईत नियम: पंचवीस बाय-इन, म्हणजे टेबलावर बसायच्या पंचवीस रकमा, गाठीला असल्याशिवाय टेबलावर बसायचं नाही. 2-4 च्या टेबलावर बिग ब्लाइंड, म्हणजे मोठी सक्तीची पैज, 4 रुपयांची; शंभर बिग ब्लाइंडचा बाय-इन म्हणजे 400 रुपये, सबब पुंजी, म्हणजेच बँकरोल, 10,000. घरखर्चाच्या पैशाला तिचा विटाळ होता कामा नये. पोकरपटू क्रिस फर्ग्युसनने शून्यापासून 10,000 डॉलर कसे उभे केले, ही कथा ते संतचरित्र सांगावं तशी सांगत. पुंजीच्या पाच टक्क्यांहून जास्त एका टेबलावर न्यायचं नाही, हा त्याचा दंडक.

पंत तो पाळत. रात्री साडेअकरापर्यंत तरी नक्कीच. मग डावाच्या शेवटच्या पानावर कुणाचा तरी फ्लश लागे, पंतांच्या कानाच्या पाळ्या लाल होत आणि 2-4 वरून थेट 25-50 वर उडी पडे. तिथे एका बाय-इनलाच 5,000 जात. सकाळी वहीत नोंद व्हायची: ‘शिक्षणखर्च’.

जिंकलेल्या रकमेतून 30 टक्के टीडीएस कापला जातो, या अन्यायावर ते तासभर बोलत. त्यांचा मात्र तो कधी कापला गेला नाही. त्यासाठी आधी निव्वळ जिंकावं लागतं.

पण पंतांच्या मते त्यांना माणसाने कधी हरवलंच नाही. हरवलं ते नेटने. म्हणून दोन कंपन्यांची दोन सिमं, राऊटर देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर आणि इन्व्हर्टरची वायर फक्त त्या राऊटरला. वीज गेली की पंखा बंद, घरातली माणसं घामाघूम आणि तीन हिरवे दिवे मात्र सुखाने लुकलुकताहेत. एवढं करून एक्क्यांची जोडी, जी सरासरी 221 डावांत एकदा येते, ती पंतांना नेमकी संध्याकाळच्या डेक्कन क्वीनमध्ये, खंडाळ्याच्या घाटात यायची. गाडी बोगद्यात, पडद्यावर गोल फिरणारं चक्र. बोगदा संपेस्तोवर घड्याळ संपलेलं आणि एक्के आपोआप फोल्ड. शेजारी गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून मेंढीकोट खेळणाऱ्या पासधारकांना रेंजची गरज नसे, याचा पंतांना फार राग.

एकदा काकूंनी वही चाळली. त्यांना पोकर कळत नाही, बेरीज कळते. “अहो,” त्या म्हणाल्या, “पावसाने चार दिवस नेट बंद होतं, तेवढ्याच पानांवर काही गेलेलं नाही. मग पुंजी सांभाळतं कोण, तुम्ही की राऊटर?” पंतांनी नशिबाच्या चढउतारांचा ‘व्हेरिअन्स’ समजावून सांगायला घेतला. काकू कुकर लावायला उठल्या.

22 ऑगस्ट 2025 ला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदीचा कायदा आला. उरलेली पुंजी बँकेत परतली. ती किती, हे वहीत नाही. पंत आता पासधारकांच्या मेंढीकोटात भिडू असतात. दश्श्या मोजतात, हुकूम कधी फोडायचा याची टक्केवारी काढतात, डोळे मिटून बसतात. परवा कर्जत सुटून बराच वेळ झाला तरी हातातलं पान पडेना. समोरचे जोशी कंटाळून म्हणाले,

“पंत, बोगदा गेला. टाका आता!”